एक्स्ट्रा

गाजलेला जुना वेस्टर्न सिनेमा संपला आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणून गेलं. नायक दरोडेखोर, तरी पब्लिक त्याच्यावर जाम फिदा. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि तिचा समीक्षक लेक माइकवर रंगात आला होता.

"इतके मुडदे पाडूनही हा माणूस आपल्याला लळा लावून जातो!"

आई उठून उभी राहिली. "अरे, सुरुवातीला त्याने बँकेच्या पहारेकऱ्याला गोळी घातली ना, त्याच्या बायकापोरांचं पुढे काय झालं रे?"

सगळे खो खो हसले.

"आई, तो एक्स्ट्रा गं! त्याला कोण लक्षात ठेवतंय?"

आई खाली बसली.


लेकाचा बाप बँकेच्या दारावर पहारा देताना गोळी खाऊन पडला होता; पण तो तापाने गेला, असंच सांगून तिने लेकाला वाढवलं होतं.