मारिट निघाली तो दिवस

“परत येईन, असं मात्र त्यांना सांगू नकोस,” कल्याणी म्हणाली.

मारिटने मान हलवली. नेदरलँड्सहून आलेली ही कॉलेजातली पोर झाशी स्टेशनजवळच्या या आसऱ्यात राबली होती. फलाटावर राहणाऱ्या मुलांना तिने चित्रं काढायला शिकवलं, त्यांच्या डोक्यातल्या उवाही काढल्या. पोरगी गुणाची होती. मागच्या खेपेचे जर्मन तरुणही गुणाचेच होते. सगळेच येतात, जीव लावतात आणि निघून जातात. मग मागचं सगळं कल्याणीने निस्तरायचं. तिला आता या सगळ्याचा वीट आला होता.

जर्मन गेले तेव्हा पोरांतल्या कुशलने रडून आसरा डोक्यावर घेतला होता. या खेपेला तिला पार्वतीची धास्ती होती. आठ-नऊ वर्षांची ती मुलगी सकाळपासून मारिटची ओढणी सोडत नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“नागपूरच्या शाळेला नोकरीचं कळवलंस का गं?”

“नाही अजून.”

“ते लोक किती थांबतील? रोज थकून येतेस, जेवणावर लक्ष नाही तुझं. हो म्हणून टाक, बस.”

“आई, मी गेले तर ही पोरं कोलमडतील. त्यांना माझ्याशिवाय आहे कोण?”

पार्वती शेजारीच बसून रंगाचे खडू डब्यात भरत होती. तरी कल्याणी मोकळेपणी बोलत होती. घरचं काही बोलायचं तर इथे मराठी फार सोयीची पडायची. रेल्वे कॉलनीतली चार घरं सोडली तर कोणाला ती कळत होती?

दुपारी ऑटो आली. मारिटने सगळ्यांना जवळ घेतलं आणि तिचेच डोळे भरून आले. पार्वतीने तिच्या पायाला मिठी मारली ती सुटेना. उचक्या लागेपर्यंत रडली बिचारी. कल्याणीने तिची बोटं एकेक करून सोडवली. मारिट वळणापर्यंत मागे वळून बघत होती.

कल्याणी पायरीवर बसली आणि पार्वतीला तिने मांडीवर घेतलं. आता पुरे झालं. यापुढे पाहुणे नकोत आणि ते नागपूरही नको. संध्याकाळी शाळेला नाही म्हणून कळवायचं, हे तिने तिथेच ठरवलं. नोकरी हातची जाणार होती. वाईट वाटलं, पण या पोरीचे हुंदके ऐकून दुसरं काही सुचेना.

“मैं हूँ ना,” ती पार्वतीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. “मैं कहीं नहीं जा रही.”

पार्वतीने मान वर केली.

“मुड़ गया ऑटो?”

“हाँ.”

पार्वतीने फ्रॉकने तोंड पुसलं आणि ती मांडीवरून खाली उतरली.

“ठीक रोई ना, दीदी? कोई न रोए तो इन लोगों को बुरा लगता है.”

“मतलब?” कल्याणीने विचारलं.

“हम लोग बारी-बारी से रोते हैं. आज मेरी बारी थी.” मग कल्याणीचा उतरलेला चेहरा बघून तिने समजुतीने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. “आप फिकर मत करो, दीदी. आप नागपुर जाओगी ना, तब कुशल रोएगा. सबसे अच्छा वही रोता है.”