आतली खोली

गुणवंतरावांनी त्या पत्राचं उत्तर कधी दिलंच नव्हतं. फोनवर बाप 'बरं, बरं'च्या पुढे जात नाही, म्हणून प्रज्वलनं नागपूरहून मुद्दाम लिहिलं होतं.

"बाबा, व्हिडिओचं काम आता घरून करीन म्हणतो. तगडा कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं आहे. दिवसा त्यावर काम, संध्याकाळी गेम. ग्राफिक्स कार्ड भारीतलं, आणि लाइन गेली तरी चालावा म्हणून मोठा यूपीएस. फक्त आतल्या खोलीतला कापूस काढाल का? त्याचे तंतू पंख्यात गेले की मशीन तापून बंद पडते."

कापूस आढ्याला टेकला होता. भाव चढला की विकू आणि मग लिहू, असं गुणवंतराव म्हणत राहिले. भाव चढला नाही. प्रज्वलनंही पुन्हा विचारलं नाही.

यंदा मिळेल त्या भावात कापूस गेला. प्रज्वलच्या आईनं, शकुंतलाबाईंनी, खोली झाडली, सारवली.

"आता तरी सांगा त्याले."

"मले नाही जमत."

"मंग लिवा. तुमाले तेवढंच येते."

गुणवंतरावांनी लिहिलं, 'खोली रिकामी झाली आहे. कॉम्प्युटर आण.' दारव्ह्याला बाजाराच्या दिवशी पत्र पेटीत टाकलं.

पाकिटावर पत्ता स्वतःच्याच घराचा होता. प्रज्वल नागपूर सोडून कधीचाच परतला होता. दिवसभर जिनिंग मिलमध्ये उडत्या रुईत राबून तो रोज बापाच्या शेजारच्याच खाटेवर झोपत होता.