बाहेर ऐकू येतं का?

करारातल्या चौथ्या कलमापाशी मॅनेजरचं बोट थांबलं.

"बूथच्या दाराला काच?" त्याने विचारलं. "बाई, हा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दाराला भोक पाडलं की अख्खा रस्ता आत येतो."

"दुहेरी काच बसवता येते," कॉलेजच्या बाई शांतपणे म्हणाल्या. "मी दोन ठिकाणी विचारून आलेय."

सोमवारपासून कॉलेजच्या आठ मुली इथे दोन महिने काम शिकायला येणार होत्या. ते दोन महिने भरले नाहीत तर त्यांचं वर्ष वाया जाणार होतं, आणि सही झाल्याशिवाय बाई एकीलाही पाठवणार नव्हत्या. बाकीची कलमं मॅनेजरने कुरकुर न करता मानली होती. मुलीला एकटीला कुणाबरोबर बूथमध्ये बसवायचं नाही. वेळ संपल्यावर थांबवून घ्यायचं नाही. तक्रार आली तर त्याच दिवशी कॉलेजला कळवायचं, चौकशी दोघांनी मिळून करायची. घोडं पेंड खात होतं ते दारापाशी.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. इथे येऊन त्याला आठच महिने झाले होते. तीन वर्षांपूर्वी शिकायला आलेली एक मुलगी मध्येच सोडून गेली, तिने रेकॉर्डिस्टचं नाव घेतलं, पण बाहेर बसलेल्यांपैकी कुणीच काही ऐकलं नव्हतं म्हणून प्रकरण मिटलं. पुढे तो रेकॉर्डिस्टही निघून गेला, एवढं मॅनेजरच्या कानावर आलं होतं. चहा देणाऱ्या मावशींनी त्यात भर घातली होती. बाई तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. त्या प्रकरणाने त्यांचं घर पार बसलं, आणि मग मुलींना काम शिकायला पाठवायची ही जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागून घेतली. पुढचं विचारलं तर मावशी कप विसळायला निघून गेल्या. तेव्हापासून मॅनेजर बाईंशी आवाज खाली ठेवूनच बोलायचा.

बाईंनी बूथ पाहायचा म्हटलं.

आत एक खुर्ची, एक माइक, भिंतींवर करड्या फोमच्या जाड गाद्या. जरा मोकळं वाटावं म्हणून मॅनेजर म्हणाला, "भिंतींना कान असतात म्हणतात ना, बाई, आमच्या भिंती मात्र ठार बहिऱ्या."

बाई हसल्या नाहीत. आजाऱ्याचा ताप बघावा तसा त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"माइक बंद आहे?"

"बंद आहे."

"मग तुम्ही बाहेर थांबा. मी उघडेपर्यंत दार उघडायचं नाही."

दार लागलं. बाहेर मॅनेजर आणि मावशी उभे राहिले. मावशींच्या हातातल्या बशीवर कप किणकिणत होता, तो ऐकू येत होता. टेबलाजवळचा पंखा ऐकू येत होता. बाकी काही नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"उघडा हो साहेब," मावशी पुटपुटल्या. "मला नाही सोसत हे."

मॅनेजरने कडीला हात घातला, तेवढ्यात दार आतूनच उघडलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता. गळ्याच्या शिरा अजून ताठ होत्या.

"काय ऐकू आलं?" घसा इतका बसला होता की त्यांचं बोलणं जेमतेम कळलं.

"काहीच नाही."

"नीट आठवून सांगा. एवढंसंही नाही?"

"नाही, बाई."

मॅनेजरने मग वाद घातला नाही. उभ्याउभ्याच दारावर कागद टेकवून त्याने सही केली. रविवारपर्यंत काच बसेल, नाही बसली तर दारच बिजागरीतून काढून ठेवू, म्हणाला. बाईंनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

त्याला राहवलं नाही.

"तुमची मुलगी... आता कशी आहे ती?"

मावशींनी मान खाली घातली.

"मला मुलगी नाही," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिस्ट माझा मुलगा. ती ओरडली असती तर बाहेर ऐकू आलं नसतं का, असं तो म्हणाला. आणि चौकशीत मीही तेच सांगून आले."