भंगाराच्या भावात

"भंगाराच्या भावातच जाईल काकू," फिटर म्हणाला आणि ताडपत्री पुन्हा गाडीवर ओढली. बाईंच्या डोळ्यांकडे बघणं त्याने टाळलं.

ताडपत्रीखाली चाळीसेक वर्षांपूर्वीची शर्यतीची मोटरसायकल होती. माळावर, चिखलात, खड्ड्यांवरून उडवायची ती जात. रुंद हँडल, उंच मडगार्ड, दातेरी टायर. टायर कुजले होते आणि टाकीवर हिरव्या रंगाचे थर चढले होते, पण इंजिन शाबूत होतं. अशा गाडीसाठी हौशी लोक जीव टाकतात, हे फिटरला पक्कं ठाऊक होतं. बाईंना ते ठाऊक नसावं, असा त्याचा हिशोब.

बाईंनी घासाघीस केली नाही. यजमानांनी ही गाडी कधी चालवली नाही आणि मरेपर्यंत विकूही दिली नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "वडील कसे आहेत तुमचे?"

फिटरचे कान तापले. बाईंचे यजमान एकदाच मोठी शर्यत जिंकले होते, आणि ती कशी जिंकले हे सगळ्या गावाला पाठ होतं. त्यांना हरवू शकेल असा एकच गडी होता, तो म्हणजे फिटरचे अण्णा. अण्णा त्या दिवशी उतरलेच नाहीत. आदल्या रात्री गाडी चोरीला गेली, असं ते सांगत. लोक म्हणाले, पैसे खाल्ले, शर्यत विकली. फिटर तेव्हा पाळण्यात होता. पण शाळेत, बाजारात, पुढे लग्न ठरवायला गेला तिथेही ती गोष्ट त्याच्या आधी पोचलेली असायची. लहानपणी त्याचा अण्णांवर विश्वास होता. मिसरूड फुटली तसा तो उडाला.

"बरे आहेत," तो तुटक बोलला. पैसे देणाऱ्याच्या बायकोने पैसे घेणाऱ्याची चौकशी करावी, हे त्याला झोंबलं. त्या रागात त्याने भाव आणखी पाडला. बाईंनी तोही मान्य केला.

अण्णा दिवसभर वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसत, उजवा पाय समोर ताणून. फिटरच्या जन्माआधी एका शर्यतीत पडले तेव्हापासून तो गुडघा नीट वाकत नसे. आता डोळ्यांतही मोतीबिंदू उतरला होता. शर्यतवेडी गिऱ्हाइकं आली की फिटर म्हणे, "अण्णा, आत बसा. लोक अडखळतात पायाला." अण्णा निमूट उठत. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. कुणी ओळखलं तर, या विचाराने फिटरला लाज वाटे. आणि म्हातारा काठी शोधत आत गेला की स्वतःची लाज वाटे.

गाडी त्याने नट न् नट खोलली. रंग खरवडला, कार्बोरेटर उकळून काढला, चाकांना नवे स्पोक भरले. हात कुशल होता, त्याबद्दल शत्रूही तक्रार करत नसे. सगळं जुन्या माहितीपुस्तकात असेल तसंच हवं, हा त्याचा हट्ट. उजवा फूटरेस्ट तेवढा त्याच्या डोळ्यांत खुपला. कुणीतरी तो मूळ जागेवरून काढून चार बोटं खाली जोडला होता. पडझडीनंतर कुणीतरी घाईत उरकलेलं काम, असं म्हणून फिटरने तो कापला, भंगाराच्या डब्यात फेकला आणि डाव्याच्या रेषेत नवा बसवला.

मग गाडी मागच्या माळावर काढली. दुसऱ्या किकला ती जागी झाली. पहिल्या उंचवट्यावरून दोन्ही चाकं सुटली तेव्हा फिटर फूटरेस्टवर उभा राहून एकटाच हसला. परत आला तर अण्णा दाराची चौकट धरून उभे होते, कान आवाजाकडे लावून.

"कुणाची रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" फिटर खेकसला. मग संध्याकाळभर त्याला घास गोड लागला नाही.

एक बडं गिऱ्हाईक गाडीवर लट्टू झालं, मागाल ते देतो म्हणालं. फिटरला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला बाईंचा निमूट चेहरा आठवत राहिला. बाप विकला गेला असेल, पण आपण तरी कुठे वेगळे निघालो? शेवटी त्याने बाईंना बोलावून घेतलं. गिऱ्हाईक, त्याचे दोन मित्र, सगळ्यांसमोर तो एकदाचा बोलला.

"काकू, मी तुम्हाला फसवलं. ही गाडी भंगार नव्हती. तुमची तुम्ही घेऊन जा."

बाईंनी टाकीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी फुकटच देणार होते. पण मग तुम्ही कारण विचारलं असतं. ते सांगायला मला तोंड नव्हतं."

कसलं कारण, ते फिटरला उमगेना. बाईंची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती दारातल्या स्टुलावर होती.

"त्यांना एकदा बसू द्या गाडीवर," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाइकाच्या मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. फिटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नाही म्हणण्याचं तोंड आज त्यालाही नव्हतं. त्याने अण्णांना दंडाला धरून आणलं, त्यांचे हात हँडलवर ठेवले आणि गाडी घट्ट धरून उभा राहिला. अण्णांनी ताठ पाय सीटवरून पलीकडे टाकला. बसले. धूसर डोळे समोरच्या माळाकडे लागले. डावा पाय आपसूक फूटरेस्टवर चढला. उजवा मात्र नव्या, चकचकीत फूटरेस्टजवळ थांबलासुद्धा नाही. तो सवयीने थेट चार बोटं खाली गेला, आणि तिथे काहीच नाही म्हणून हवेत चाचपडत राहिला.