डाळिंबी साडी

"यात बघा, वहिनींची साडी कशी नीट दिसतेय," खांबेटे म्हणाले.

माझ्या बायकोच्या, सुनेत्राच्या, हौशी नाटक मंडळाचे फोटो तेच काढायचे. ती गेल्यावर तिचे चारशे फोटो त्यांनी मला आणून दिले. मुलीच्या फोनवर नीट दिसावेत म्हणून ते कॅमेऱ्याच्या फाईलींमधून साध्या फोटोंत बदलून घ्यायचे होते. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, तेवढं ठरायचं होतं.

माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साडी विटकरी दिसत होती. त्यांनी आणलेल्यात डाळिंबी.

"फाईलमध्ये रंगाची माहिती असते. तुमचं जुनं ती वाचतच नाही," ते म्हणाले.

"खांबेटे, माझ्या बायकोची साडी तुम्ही मला सांगू नका. विटकरीच होती."

मी कपाटातून साडी काढली आणि स्क्रीनशेजारी धरली. डाळिंबी होती.

खांबेट्यांनी नुसता फोटो मोठा केला, त्याचाच मला जास्त राग आला. या रंगात तिचा चेहराही वेगळा होता, टवटवीत. दर शनिवारी तालमीत ती त्यांना अशी दिसत असणार. घरी मी पेपरातून डोकं वर काढत नसे.

"हेच घेऊ," मी म्हणालो.

"मग एका बटणात चारशेच्या चारशे बदलतील. करून देऊ?"

"बटण कुठलं ते दाखवा आणि निघा तुम्ही."

ते गेल्यावर मी बटण दाबलं नाही. पहिला फोटो उघडला. खांबेट्यांनी तिला चारशे वेळा नीट पाहिलं होतं. मी आता कुठे सुरुवात करत होतो.