पूर्ण हजेरी

“अजून खुर्च्या आणा,” डॉ. अनुपमा म्हणाली आणि स्वतःच चकित झाली.

गेल्या वर्षी पशुवैद्यक मंडळाच्या परभणी शाखेच्या वार्षिक नियोजन बैठकीला बोटांवर मोजण्याइतकी टाळकी होती. त्यातलीही निम्मी चिवड्यासाठी थांबलेली. यंदा मात्र वसमत रोडवरच्या मंगल कार्यालयाचा छोटा हॉल वेळेआधीच भरला होता, आणि माणसं अजून येतच होती.

माणसं यायलाच हवी होती. राज्य कार्यालयानं स्पष्ट बजावलं होतं, निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि नवा अध्यक्ष निवडला पाहिजे. नाहीतर शाखा बंद करून सगळ्यांना नांदेडला जोडू. हे बघायला निरीक्षक येणार होते. शाखा गेली की झरीचं लाळ्या-खुरकुताच्या लसीचं शिबिर गेलं आणि नव्या डॉक्टरांची अडल्यानडल्याला हाक मारायची जागाही गेली. अनुपमाच्या हातची पहिली अडलेली म्हैस शाखेतल्या बन्सीधर सरांनी फोनवर सांगत सांगत सोडवली होती. तेव्हापासून ही शाखा म्हणजे तिचं दुसरं माहेर.

हजेरीचं तर भागलं. उरला अध्यक्ष. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर बोलणीही खायची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मावळते अध्यक्ष बन्सीधर सर नियमानं पुन्हा उभे राहू शकत नव्हते. तेही काही हौसेनं अध्यक्ष झाले नव्हते. भाच्याच्या लग्नाला जिंतूरला गेले आणि परत येईपर्यंत अध्यक्ष होऊन बसले. हा किस्सा ते दर बैठकीत सांगत आणि दर वेळी आधी स्वतःच हसत.

महिन्याभरापूर्वी त्यांनी अनुपमाला विचारून पाहिलं होतं.

“काय वाट्टेल ते काम सांगा सर, तेवढं अध्यक्षपद सोडून. मी चिटणीसच बरी.”

“बरं,” सर म्हणाले होते. “मग यंदा सगळ्यांना फोन मी करतो.”

असं काय बोलले असतील सर फोनवर? अनुपमाला राहवेना. पायाला प्लास्टर घातलेले दत्तराव पेडगावहून जीप करून आले होते. पहिल्यांदा तिनं त्यांनाच गाठलं.

“दत्तराव, असल्या पायानं कशाला आलात?”

“मंग? आपल्या शाखेचं काम हाय,” दत्तराव म्हणाले. पण त्यांचे डोळे हॉलभर फिरत होते. “सगळेच आलेत की काय?”

जिंतूरचा मल्लेश तर मेव्हणीचा साखरपुडा टाकून आला होता.

“बायको लय चिडलीय,” तो म्हणाला.

“मग आलास कामून?”

“असंच. लय दिवस झाले भेटून.”

एवढं प्रेम या माणसांनी आजवर कुठं लपवून ठेवलं होतं कोण जाणे. अनुपमाला भरून आलं. तिनं फळ्यावर वर्षभराचं नियोजन मांडलं. उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्याची मोहीम, झरीचं शिबिर, जिंतूरला नव्या डॉक्टरांसाठी कार्यशाळा. प्रत्येक ठरावाला हात वर झाले. चहाची वेळ झाली तरी कोणी बाहेर जाईना, म्हणून चहाच खुर्च्यांपर्यंत न्यावा लागला. मल्लेशला फोन आला, तर तोही एक पाय दाराच्या आत ठेवूनच बोलला. शेवटच्या रांगेतला पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी गृहस्थ चिवड्याची दुसरी बशी संपवत होता. नवीन बदलून आला असेल, जाताना सभासद करून घेऊ, असं अनुपमानं मनाशी ठरवलं.

आता फक्त अध्यक्षाची निवड उरली. तेवढ्यात सरांनी फोन कानाचा काढून खिशात टाकला.

“अनुपमा, निरीक्षक साहेब बसस्थानकावर उतरायलेत म्हणे. तूच जा घ्यायला. चिटणीस गेलेली बरी दिसते.”

“मल्लेशला पाठवा ना सर, त्याची गाडी दारातच आहे.”

मल्लेशनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. “मी? न्हाई न्हाई. मी इथंच बरा.”

“सावकाश ये बाई,” दत्तराव म्हणाले. “घाई न्हाई.”

बसस्थानकावर गंगाखेडची गाडी रिकामी झाली, मग जिंतूरची. निरीक्षक कशातूनच उतरले नाहीत. सर फोन उचलेनात. आता हॉलमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले असतील, हे तिला इथूनच दिसत होतं. एवढी माणसं जमूनही एका खुर्चीपायी शाखा बुडणार. आपण नाही म्हणालो याचं तिला पहिल्यांदाच फार वाईट वाटलं. शेवटी ती एकटीच परतली.

हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. पांढऱ्या शर्टातला गृहस्थ आता सरांच्या शेजारी उभा होता.

“मी निरीक्षक,” तो म्हणाला. “सकाळीच आलो, मॅडम. चिवडा छान होता. शाखा चालू राहील असं कळवतो. नवे अध्यक्षही झाले.”

“झाले? कोण झालं?” आनंदानं ती इकडं तिकडं बघू लागली. तोवर सरांनी हार तिच्याच गळ्यात घातला.

“सर, हे काय? मी कधी तयार झाले? आणि मी तर इथं नव्हतेच!”

मल्लेश सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीतून उठला आणि त्यानं ऐसपैस आळस दिला.

“तेच तर, मॅडम. सरांनी फोनवर एकेकाला बजावलं होतं, जो गैरहजर राहील त्यालाच अध्यक्ष करू म्हणून. आमी तर सगळे हजर होतो.”