बाकी एक

"बाकी एकोणतीस," प्रेमराज सर म्हणाले आणि त्यांनी वहीत समाधानाने बरोबरची खूण केली.

ज्योत्स्ना सकाळच्या एसटीने धुळ्याहून अमळनेरला आली होती, वडिलांना कायमचं आपल्याकडे घेऊन जायला. पण सर काही जागचे हलायला तयार नव्हते. टेबलावर सात वह्या होत्या आणि सातही वह्यांमध्ये एकच दहा अंकी संख्या होती. तिच्या आईचा मोबाइल नंबर.

कोकिळाबाई जाऊन वर्ष झालं होतं. सहा महिन्यांनी नंबर बंद पडला आणि फोनमधली बाई सांगू लागली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस तो, असा खवळला! "अस्तित्वात नाही म्हणजे? पूर्ण संख्या शे ती! जाईल कुठे?" तेव्हापासून सर त्या संख्येला भाग देत बसले होते. तिनाने, साताने, अकराने, अशा एक लाखाच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी. एकीनेही भाग गेला नाही, तर तीही मूळ संख्या. दिवसाला तीस भागाकार, तेही हाताने. कॅलक्युलेटरला त्यांनी उभ्या जन्मात बोट लावलं नव्हतं.

"नाना, पुरे करा हे आता. धुळ्याला चला."

"जोपर्यंत बाकी उरस, तोपर्यंत ती घरमा शे," सर म्हणाले. "ज्या दिन निःशेष भाग जाई, त्या दिन ती गई. मंग मी येसू."

ज्योत्स्नाच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर घरात पाऊल टाकल्यापासून तिलाही आई आतच असल्यासारखी वाटत होती, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. सर हात धुवायला उठले, तशी तिने मोबाइल काढला आणि तो आकडा त्यात टाकला. वर्षभर पुरलं असतं ते काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. संख्या मूळ नव्हती. तिला वीस हजार अकराने निःशेष भाग जात होता.

पण सर तर केव्हाच सत्तेचाळीस हजारांच्या पुढे गेले होते. मग वीस हजार अकराचं काय झालं?

तिने भराभर वह्या चाळल्या. चौथ्या वहीत तो भागाकार सापडला. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या वजाबाकीत वर जी संख्या, खालीही तीच. आणि त्याखाली सरांनी लिहिलं होतं, बाकी एक.

सर टॉवेलला हात पुसत दारात उभे होते.

"नाना, इथं बाकी शून्य येते!" तिचा आवाज चढला. "तुम्हाला माहीत होतं!"

सरांनी घाईघाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बेटा," ते कुजबुजले. "तिले आजून माहीत नही."